बोड सॉल्टरी: गज उचलल्यावर वाजणारं वाद्य

ऐलतीर
मंडळी, या मंचावर व्हायोलिनवर चर्चेचे धागे आहेत, दिलरुब्यावर आहेत, पेटीवर तर शंभरी ओलांडलेले आहेत. बोड सॉल्टरीवर मात्र शोधून काही सापडलं नाही, म्हणून हा प्रपंच. मी स्टुटगार्टजवळ राहते. इकडे याला श्ट्राइशप्साल्टर म्हणतात आणि लहान मुलांच्या संगीतवर्गात, म्युझिक थेरपीत ते बऱ्यापैकी दिसतं. मी एका निवृत्त शिक्षिकेकडून वापरलेलं घेतलं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: लांबुडका त्रिकोण, आतून पोकळ, वर पातळ स्प्रूसची पाटी, पाटीला भोक. पायथ्याच्या रुंद बाजूला लोखंडी खुंट्या, त्या चावीने पिळायच्या. तिथून तारा एकमेकींना समांतर निघतात आणि दोन तिरक्या कडांवर ठोकलेल्या उभ्या खिळ्यांना जाऊन अडकतात. कड तिरकी, त्यामुळे प्रत्येक तार शेजारणीपेक्षा बोटभर पुढे येते. त्या बोटभर जागेतच गज (व्हायोलिनला असतो तसा, केसांचा) लावायचा. एक तार, एक स्वर. पडदे नाहीत, तार दाबणं नाही. माझं 25 तारांचं सोप्रानो आहे, मधल्या सी पासून वर दोन सप्तकं. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर पांढऱ्या पट्ट्या सगळ्या उजव्या कडेला (15), काळ्या डाव्या कडेला (10). खालचे स्वर टोकाकडे, वरचे आपल्या पोटाकडे. गज लहानसा, धनुष्यासारखा वाकलेला.

आवाज कसा? काचेच्या पेल्याच्या कडेवरून ओलं बोट फिरवल्यावर जो निघतो, त्याच्या जवळचा. पण मला धरून ठेवलं ते पुढच्या गोष्टीने. व्हायोलिनवर दाबलेल्या तारेवरून गज उचलला की स्वर लगेच विझतो. इथे गज उचलल्यावर स्वर वाजतच राहतो, आणि ज्या तारांना आपण हातही लावलेला नाही त्याही मागून बोलायला लागतात. सगळं कौशल्य त्या उचलण्यात आहे. गज तारेवर थांबवून मग उचलला तर केसच तार धरून बसतात आणि आस (स्वराचा मागे रेंगाळणारा नाद) जागच्या जागी मरते. चालता गजच तारेवरून सुटला पाहिजे. इतकुसाच फरक, पण आमच्या वर्गातल्या मुलांचं वाजवणं आणि बाईंचं वाजवणं यात मला तेवढाच ऐकू येतो.

माझं म्हणणं असं, की हे वाद्य सोपं आहे ही जाहिरात अर्धीच खरी. स्वर पहिल्या दिवशी निघतो. पण एकदा काढलेला स्वर पुसता येत नाही, तो पुढच्या स्वराच्या डोक्यावर बसून राहतो. म्हणून कोणता स्वर वाजवायचा यापेक्षा कोणता गाळायचा हे आधी ठरवावं लागतं. जलद धून घेतली की नुसता काला.

इथे आणखी कोणी वाजवतं का? आणि आपल्या रागांना हे कितपत मानवेल? मी सध्या भूपाला हात घातलाय.

चहाटळ_बंडू
फोटूशिवाय वाद्याचा धागा फाऊल धरण्यात येईल.

ऐलतीर
चढवायचा प्रयत्न केला, आकार मोठा आहे म्हणून नाकारतंय. लहान करून रात्री टाकते. सोबत एक ध्वनिफीतही.

पायपेटी
वा, नवीन वाद्य! वाचतेय. पुभाप्र, म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत. (भाग नाहीत हे माहीत आहे, तरी प्र.)

कोमलनिषाद
सारंगी शिकतो, त्यामुळे गजाचं काहीही दिसलं की आत येतोच. धागा वाचून जालावर दोन-चार जणांचं वादन ऐकलं. आवाज सुरेख आहे, नाकारत नाही. पण ज्यात मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, नाही त्यात राग कसला? तुम्ही भूप म्हणालात म्हणून भूपाचंच घ्या. पंचमावरून गंधारावर घसरत यावं लागतं, वरच्या षड्जावरून धैवतावर तसंच. तुमच्याकडे पंचम ही एक तार, गंधार ही दुसरी, मध्ये खड्डा. देशकाराचे स्वरही तेच पाच आहेत. भूप आणि देशकार वेगळे होतात ते उच्चाराने. तो उच्चार तुम्ही या पेटीवर कुठून आणणार? दरबारीच्या झुलत्या गंधाराचं तर नावच काढू नका.

धुना वाजवा, नाताळची गाणी वाजवा, झकास वाटेल. राग म्हणू नका एवढंच.

जुनापुराणा
ऐलतीर, तुम्ही इतिहासाला हात लावला नाहीत, म्हणून मी लावतो, कारण या वाद्याबद्दल एक पक्का गैरसमज आहे. अमेरिकेत रेनेसान्स फेअर नावाच्या जत्रा भरतात, लोक जुन्या युरोपातले कपडे घालून फिरतात. तिथे हे हमखास दिसतं आणि बघणाऱ्याला वाटतं की हे बाराव्या शतकातलं असणार. तसं नाही.

सॉल्टरी जुनी, यात वाद नाही. मध्ययुगीन युरोपातल्या चर्चांच्या दगडी कोरीवकामात, पोथ्यांच्या चित्रांत देवदूतांच्या मांडीवर ती दिसते. पण ती बोटांनी किंवा पिसाच्या नखीने छेडायची. अरबांच्या कानूनशी तिचं जवळचं नातं. गजाने वाजवायची त्रिकोणी सॉल्टरी ही विसाव्या शतकातली. 1925 साली जर्मनीत क्लेमेन्स नॉयबर कंपनीला अशा वाद्याचं पेटंट मिळालं. त्यात गजाच्या तारा होत्याच, शिवाय दुसऱ्या हाताने झंकारायच्या साथीच्या तारांचे गटही होते. साथीच्या तारा काढून टाकलेला आजचा सुटसुटीत त्रिकोण रुळला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. त्यात एडगर श्टामर आणि वेस्टफालियातले प्राथमिक शिक्षक वाल्टर मिटमन ही दोन नावं येतात. उद्देश शाळेतली मुलं. व्हायोलिनवर सुरात बोट पडायला वर्षं जातात, इथे सूर आधीच लावून ठेवलेला.

आपली प्रभात फिल्म कंपनी 1929 ची. म्हणजे हे 'प्राचीन' वाद्य तिच्याहून चार वर्षांनी थोरलं, बस्स.

पोटमाळा
जुनापुराणा म्हणतात त्या साथीच्या तारांवाल्याचं अमेरिकन भावंड माझ्याकडे आहे! युकेलिन. न्यू जर्सीत एका गराज सेलमध्ये मिळालं, विकणाऱ्या आजींना त्याचं नावही ठाऊक नव्हतं. गजाच्या 16 तारा आणि साथीच्या 16, त्या चार-चारच्या जुडग्यांत. प्रत्येक तारेला आकडा, म्हणजे आकडे वाचत वाजवायचं, सरगम यायची गरज नाही. 1920 च्या दशकात ही वाद्यं दारोदार फिरणारे विक्रेते हप्त्यांवर विकायचे. कोणालाही येईल, घरात संगीत येईल, वगैरे. मग बहुतेकांची पोटमाळ्यावर रवानगी व्हायची (माझा आयडी याच्या आधीचा आहे, गैरसमज नसावा).

माझ्याकडचं अजून पूर्ण सुरात आलेलं नाही. 32 तारा, जुन्या सैल खुंट्या. शेवटची तार लावेपर्यंत पहिली उतरलेली असते.

कोमलनिषाद
म्हणजे युकेलिनचं दुखणं हे की ते सोपं असूनही कोणी वाजवलं नाही?

पोटमाळा
सोपं म्हणून घेतलं, आणि सुरात लावायला अवघड म्हणून ठेवून दिलं. विक्रेता वाजवून दाखवायचा तेव्हा ते लावलेलं असायचं. तो गेला की सूरही गेले.

कंपनसंख्या
पोटापाण्यासाठी ध्वनिमुद्रण करतो, म्हणून आस कशी राहते त्यावर थोडं लिहितो. कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर उडी मारा.

राळेमुळे गजाचे केस तारेला चिकटतात, तिला थोडं ओढत नेतात, ताण वाढला की ती सुटते, परत चिकटते. हे सेकंदाला शेकडो वेळा. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झने हे नीट पाहून लिहून ठेवलं. इथपर्यंत सॉल्टरी, व्हायोलिन, सारंगी सगळं एकच. फरक पुढे. व्हायोलिनच्या दाबलेल्या तारेचं एक टोक म्हणजे तुमच्या बोटाचं मांस, ते कंपनं पिऊन टाकतं. (व्हायोलिनची मोकळी तार आणि दाबलेली तार लागोपाठ ऐका, गज उचलल्यावर मोकळी जास्त रेंगाळते.) सॉल्टरीत प्रत्येक तार मोकळीच. दोन्ही टोकं धातूवर, धातू कठीण लाकडात रोवलेला. कंपनाला पळून जायला वाट एकच, ती म्हणजे पाटी, आणि तीच आपल्याला ऐकू येते.

दुसरं कारण शेजारच्या तारा. तुम्ही सर्वात खालचा सी वाजवलात की त्याच्या दुप्पट, तिप्पट आणि चौपट कंपनांच्या तारा वाद्यात आहेतच, म्हणजे वरचा सी, त्याच्या वरचा जी आणि सर्वात वरचा सी. त्या न छेडता जाग्या होतात. उलटही होतं. वरचा जी वाजवा आणि खालच्या सी ला बोट न लावता फक्त बघा, तार धूसर दिसेल.

आणि गज तारेच्या अगदी टोकाशी लागतो, त्यामुळे वरचे स्वरांश (मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतले बारीक स्वर) जोरात येतात. तो चकाकता, किंचित बोचरा काठ तिथून येतो. गज खिळ्याला फारच चिकटवला आणि दाब कमी पडला तर नुसती शिट्टी ऐकू येते, दाब जास्त झाला तर किरकिर. मधली पट्टी अरुंद आहे.

ध्वनिमुद्रण करणार असाल तर मायक्रोफोन गजापासून लांब, पाटीच्या समोर ठेवा, नाहीतर राळेचा खरखराटच भरेल. आणि कृपा करून त्यावर आणखी कृत्रिम घुमारा चढवू नका. जालावरच्या निम्म्या चित्रफितींत तो चढवलेला आहे, त्यामुळे वाद्य खरं कसं वाजतं हे कळतच नाही.

पायपेटी
कोमलनिषाद, तुमचा आक्षेप आम्ही पेटीवाल्यांनी पिढ्यानपिढ्या ऐकलाय. मींड नाही, श्रुती नाहीत, पाश्चात्त्य पट्ट्या. त्याच मुद्द्यांवर 1940 साली आकाशवाणीने पेटी बंद केली आणि 1971 पर्यंत ती बंदी टिकली. मधल्या काळात नाटकं थांबली का, मैफली थांबल्या का? गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकून लोकांनी हे वाद्य विदेशी आहे म्हणून कान झाकले का? 1955 मध्ये शिवकुमार शर्मा मुंबईच्या हरिदास संमेलनात संतूर घेऊन बसले तेव्हाही हीच ओरड झाली, मींड कुठे आहे म्हणून. त्यांनी वाद्यात बदल केले, वाजवण्याची तऱ्हा शोधली, आणि आज संतुरावर राग वाजतो का असं कोणी विचारत नाही.

कोमलनिषाद
शिवकुमारजींनी आयुष्य घातलं त्यात. इथे भूप 'हाताळून बघतेय' असं चाललंय. तुलना कशाची कशाशी.

पायपेटी
सुरुवात सगळ्यांची हाताळूनच होते हो.

ऐलतीर
भांडू नका, तुमचं दोघांचंही मला पटतं. कोमलनिषाद, मींड नाही हे शंभर टक्के मान्य. पण खड्डा म्हणालात तो मात्र नाही. पंचम वाजवून गज उचलला आणि त्याची आस चालू असतानाच गंधार अगदी हलका, जवळजवळ कळणार नाही असा लावला, तर काही क्षण दोन्ही एकत्र असतात. पंचम ओसरत जातो, गंधार वर येतो. मींडेत दोन स्वरांमधली वाट ऐकू येते, इथे दोन स्वरांची एकमेकांवर पडलेली सावली. त्याला मींड म्हणणार नाही, पण मला ते पुरतं.

भूप-देशकाराचंही तसंच. गंधारावर गज उचलून थांबले, त्याची आस पूर्ण ऐकली, की भूपाकडे झुकतं. तेच धैवताशी केलं की कान देशकार शोधायला लागतो. पूर्ण राग झाला असा दावा नाही, पण वेगळेपणा दाखवता येतो.

आता मला सापडलेली गंमत सांगते. सा मधल्या सी वर, म्हणजे पांढरी एकवर धरला की भूपाचे पाचही स्वर उजव्या कडेला येतात. तेच पाच खिळे, तार एकही न पिळता, नुसता षड्ज बदलायचा. रिषभाला सा मानलं की मध्यमादी सारंगाचे स्वर. गंधाराला सा मानलं की मालकंस! पंचमाला मानलं की दुर्गा, धैवताला मानलं की धानी. मूर्च्छना आपण पुस्तकात वाचतो, इथे ती डोळ्यांना दिसते. ज्या तारेवर जास्त थांबाल ती षड्ज व्हायला लागते, कारण तिचीच आस सगळ्यात जास्त साठलेली असते.

कोमलनिषाद
मूर्च्छनेचं आवडलं. मालकंस कोणत्या पट्टीत पडतो मग? पांढरी तीन?

ऐलतीर
हो, पांढरी तीन. वर जायला तार षड्जापलीकडे कोमल धैवतापर्यंत जागा मिळते. खाली मात्र मंद्रात कोमल धैवत आणि कोमल निषाद, एवढे दोनच. मालकंसाला ते थोडं आखूड पडतं. त्यासाठी आल्टो किंवा टेनर सॉल्टरी असतात, आकाराने मोठ्या.

कंपनसंख्या
ऐलतीर, तुम्ही वाद्य मोबाइलच्या ट्यूनरने लावता ना? मग गंधार चढा असणार. ट्यूनर पियानोचा गंधार देतो, आणि तो आपल्या तानपुऱ्यातल्या गंधारापेक्षा 14 सेंट वर असतो (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). पेटीवर हे खपून जातं. ज्या वाद्यात आस साठते तिथे खपत नाही. हिशेब बघा: मधला सी सेकंदाला 261.6 कंपनं, त्यावरचा ई पियानोच्या हिशेबाने 329.6. सी चा पाचवा अंश 1308 वर येतो, ई चा चौथा 1318 च्या थोडा वर. दोन्ही एकत्र वाजत राहिले की सेकंदाला साधारण दहा वेळा थरथर होते. ई ची खुंटी किंचित सैल करून 327 वर आणा. थरथर थांबली की तार जागेवर आली समजा. ट्यूनरकडे बघायचीही गरज नाही, कानच सांगेल.

ऐलतीर
केलं. सी आणि ई एका पाठोपाठ लावून गज बाजूला ठेवला. आधी जो एक कणकण आवाज मागे राहायचा, तो मी आजवर वाद्याचा स्वभाव समजत होते. तो गेला! आवाज मोठा झाल्यासारखा वाटतो, खरं तर तेवढाच आहे. धैवतही उतरवू का?

कंपनसंख्या
भूपासाठी धैवत मध्यमाच्या गंधारासारखा धरलात तर तोही साधारण 16 सेंट उतरेल. काही जण रिषभाशी पंचमभाव जुळवून तो थोडा चढाच ठेवतात. दोन्ही लावून बघा. मात्र नाताळात मुलांबरोबर वाजवायचं असेल तर परत ट्यूनरवर आणा, नाहीतर बाकीचे तुम्हाला बेसूर म्हणतील.

आषाढसरी
बाळबोध प्रश्न. घरात स्वरमंडल आहे. तेही अशाच तारांचं. त्यावर गज फिरवला तर हेच होईल ना?

तारजोड
नाही होणार. आमचं घर मिरजेचं, सतारमेकर गल्लीत येणं-जाणं, म्हणून सांगतो. स्वरमंडल ही खरं तर आपली छेडायची सॉल्टरीच, किशोरीताईंच्या किंवा जसराजजींच्या मांडीवर पाहिलेली. पण त्याच्या तारा एका पातळीत, दाटीवाटीने बसवलेल्या. गज टेकवला की चार-पाच एकदम लागणार, एकटी तार गाठायला वावच नाही. त्रिकोणाची करामत हीच, की कड तिरकी आणि खिळे सुटे, म्हणून प्रत्येक तारेचं टोक उघडं पडतं आणि गजाला जागा मिळते. 1925 च्या त्या जर्मनांनी नवा आवाज शोधला असं मी म्हणणार नाही, त्यांनी तारेला एकटं गाठायची जागा शोधली.

बाकी मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे इथे सांगून घेतो, संबंध असो नसो.

पायपेटी
मिरजेत कोणी बनवून देईल का हो हे?

तारजोड
कारागिराला अशक्य काहीच नाही. पण हे भोपळ्याचं काम नव्हे, पेटीचं आहे. 25 तारांचा ताण मिळून चौकट वाकवू बघतो, म्हणून खुंट्यांची पट्टी कठीण लाकडाची लागते, आणि पाटी मात्र पातळ. शिवाय खिळे रांगेत पण योग्य तिरकसपणे बसले पाहिजेत, नाहीतर गज शेजारणीला लागतो. नमुना समोर असल्याशिवाय कोणी हात घालणार नाही. तारेची अडचण नाही, सतारीच्या बाजाच्या तारेच्या जातीचीच पोलादी तार आहे.

निवांत_नाशिक
माझी मुलगी आठ वर्षांची. व्हायोलिनच्या क्लासला घातलं होतं, तिथे सगळा वेळ धरण्याच्या पद्धतीवर ओरडा खाण्यात जायचा, शेवटी सोडलं. हे घेऊन दिलं तर? किंमत काय पडते?

ऐलतीर
मुलांसाठीच घडवलेलं आहे, जरूर द्या. पहिल्याच दिवशी धून निघते आणि मूल खूश होतं. पण याने व्हायोलिन येईल अशी आशा धरू नका, बोटाने सूर शोधण्याची सवय इथे लागत नाही. कानाला मात्र फायदा होतो. आमच्याकडे बाई मुलांना एक खेळ देतात. एकाने स्वर वाजवायचा, गज उचलायचा, आणि आस पूर्ण संपली असं वाटलं की हात वर करायचा. पहिल्या वेळी सगळे घाईने हात वर करतात. नंतर वर्गात अशी शांतता होते की खिडकीबाहेरची ट्राम ऐकू येते. व्हायोलिनमध्ये जो धीर शिकवायला ओरडावं लागतं, तो इथे असा येतो.

किमतीचं व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंय.

चहाटळ_बंडू
ध्वनिफीत ऐकली. फोटूही पाहिला, दंड माफ. प्रामाणिक मत देऊ का? पहिली दोन मिनिटं अंगावर काटा आला. पाचव्या मिनिटाला वाटलं, आता कोणीतरी तबला वाजवा रे. सगळंच हवेत, पाय कुठे टेकतच नाहीत.

ऐलतीर
बरोबर पकडलंत. लय धरायला हे वाद्य फारसं मदत करत नाही, कारण स्वराची सुरुवात टोकदार नसते आणि शेवट तर नसतोच. म्हणूनच इकडे आणि अमेरिकेतही हे बहुतेकदा गिटार किंवा डल्सिमर या तंतुवाद्याच्या साथीने वाजवतात, म्हणजे ठेका तिकडून येतो. एकट्याने अर्धा तास वाजवण्याचं हे वाद्य नाही असं माझंही मत होत चाललंय. एखादी धून, फार तर दोन. मग पेटी, बासरी, काही तरी दुसरं.

दोन गज घेऊन वाजवणारेही आहेत, प्रत्येक हातात एक, एक कड उजव्याला, एक डाव्याला. दोन स्वर एकाच वेळी सुरू करता येतात. मला अजून जमत नाही, डावा हात उचलायचं विसरतो.

कोमलनिषाद
मी परत एकदा ऐकलं, या वेळी हेडफोन लावून. सारंगीत मुख्य तारा तीन आणि तरफा (न छेडता आपोआप झंकारणाऱ्या तारा) पस्तीसच्या आसपास. मुख्य तार बोलते, तरफा मागे राहतात, त्यांना पुढे येण्याची परवानगी नसते. तुमच्याकडे प्रत्येक तार मुख्यही आणि तरफही. हे मला नवीन आहे. माझा आक्षेप कायम आहे, पण आता तो वाद्यावर नाही, दरबारी वाजवण्यावर आहे.

ऐलतीर
दरबारी कोणी वाजवतच नाहीये!

जुनापुराणा
वाजवेल कोणीतरी. जालावर काहीही होतं.

आषाढसरी
मी रत्नागिरीची. हे इकडे आणलं तर पावसाळ्यात काय होईल? आमच्याकडे शिवणयंत्राची सुईसुद्धा गंजते.

तारजोड
गंजणार. पोलादी तार आहे. वाजवून झालं की कोरड्या, मऊ फडक्याने प्रत्येक तार पुसायची, मुख्यतः टोकाकडची बोटभर जागा, कारण राळेची भुकटी तिथेच बसते आणि दमट हवेत ती चिकट होऊन ओल धरते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, त्या अधूनमधून वाळवा. तारेला तेल चुकूनही लावू नका, राळ धरणार नाही आणि गज घसरत राहील. पाटीचं लाकूड पावसात फुगतं, सूर चढतात, हिवाळ्यात उतरतात. जून-जुलैत लावताना अंगात आल्यासारखं पिळत बसू नका, दोन-तीन दिवसांत हळूहळू आणा. आणि सुटी तार आधीच आणून ठेवा. वरच्या सप्तकातल्या आखूड तारा जरा जास्त पिळल्या की तुटतात.

निवांत_नाशिक
ऐलतीर, व्यनि मिळाला, धन्यवाद. एकच राहिलं. गज वेगळा घ्यावा लागतो का? मुलीचा व्हायोलिनचा छोटा गज पडून आहे.

ऐलतीर
चालेल. अगदी लहान मुलांचा असतो त्या मापाचा तर छानच, फक्त तो लांब असल्याने टोक समोरच्या कडेच्या तारांना लागणार नाही एवढं बघायचं. नवीन केस असतील तर राळ सुरुवातीला भरपूर घासावी लागते, इतकी की मुलगी म्हणेल झालं आता, त्यानंतरही थोडी. राळ नसेल तर वाद्य मुकं राहतं आणि लोकांना वाटतं वाद्यच बिघडलंय. गडद रंगाची राळ घ्या, फिकी इथे कमी पकडते असा माझा अनुभव. आणि गज ठेवताना केस सैल करायला सांगा तिला.